कॅन्टीनचा दर आणि तंबाखू

प्रश्न : देवळालीच्या लष्करी कॅन्टीनमध्ये माल बाजारापेक्षा स्वस्त का मिळतो? अशी सवलत तंबाखूलाही असावी का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह ठरवलेली वरची मर्यादा असते, तिच्याहून जास्त घेणे बेकायदेशीर, कमी घेणे मात्र चालते. १९४८ साली स्थापन झालेला कॅन्टीन स्टोअर्स विभाग, म्हणजेच सीएसडी, घाऊक खरेदी करतो आणि त्या खरेदीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराचा निम्मा भाग त्याला परत मिळतो, म्हणून कॅन्टीनचा दर उतरतो. साबण-तेलाबाबत हे रास्तच आहे. तंबाखूवरील कर मात्र महसुलाबरोबरच व्यसनाला आळा घालण्यासाठीही असल्याने तेथे दिलेली सवलत त्या हेतूलाच छेद देते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६ साली लष्करी तळांवरील तंबाखूचे दर स्थानिक करांसह बाहेरच्या बाजाराइतके ठेवण्याचे धोरण स्वीकारले, ते याच विचाराने. अर्थात, विड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सिन्नर जवळच असताना केवळ कॅन्टीनचे दर वाढवून फारसे साधणार नाही. तरीही सरकारी सवलतीच्या यादीत तंबाखूला स्थान नसावे, हेच योग्य.