लॅपटॉपच्या की-बोर्डवर कव्हर घालावे का?



शाळेत नवा लॅपटॉप आला की आपण तीन गोष्टी करतो. नारळ फोडतो, फोटो काढतो आणि दुकानदाराने पिशवीत टाकून दिलेले ते पारदर्शक कव्हर लगेच की-बोर्डवर अंथरतो. पहिल्या दोन गोष्टींबद्दल काही म्हणणे नाही. तिसरीचा मात्र जरा बसून विचार करायला हवा.

कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत लॅपटॉप बहुतेक वेळा लोकसहभागातून आलेला असतो. गावाने वर्गणी काढलेली असते. दुरुस्तीसाठी वेगळे पैसे ठेवलेले नसतात. सहा महिन्यांत की-बोर्ड गेला तर त्याच लोकांपुढे पुन्हा कोणत्या तोंडाने उभे राहायचे? घरचीही तीच गत. एकच लॅपटॉप, त्यावर ताईचे कॉलेज, धाकट्याचा प्रकल्प आणि बाबांचे ऑफिस. म्हणजे दीड-दोनशे रुपयांच्या कव्हरचा प्रश्न तसा दीड-दोनशे रुपयांचा नाहीच.

आधी बटणाखाली काय असते ते बघू

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे बाद झालेले की-बोर्ड पडलेले असतात. एक मागून आणा. मुलांसमोर त्याचे एक बटण अलगद उचकटा. हा तास मुले विसरत नाहीत, माझा अनुभव आहे. वरचे अक्षराचे टोपण निघते. त्याखाली कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले प्लॅस्टिकचे दोन नाजूक हात दिसतात. त्यांच्या मध्ये रबराची छोटीशी उलटी वाटी असते. आणि सगळ्यात खाली एकावर एक ठेवलेले प्लॅस्टिकचे तीन पातळ थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहणाऱ्या रेषा छापलेल्या असतात. मधल्या थराला बटणाच्या जागी भोक असते. बटण दाबले की वाटी दबते, वरचा थर भोकातून खालच्याला टेकतो आणि परिपथ पूर्ण होतो. सेल, बल्ब आणि वायरचा प्रयोग मुलांनी केलेला असेल, तर त्यांना हे सांगावे लागत नाही, तीच सांगतात.

आता यात काय बिघडते? एखादा कण त्या कात्रीत अडकला की बटण अर्धेच दबते. हे त्यातल्या त्यात बरे दुखणे. पण पाणी त्या तीन थरांच्या मध्ये शिरले, तर ते वरून दिसत नाही आणि लवकर वाळतही नाही. दोन काचांच्या मध्ये पाण्याचा थेंब कसा पसरत जातो, तसे ते आत पसरते. मग एका ओळीतली चार-पाच बटणे एकदम मुकी होतात, नाहीतर एकच अक्षर आपोआप उमटत राहते. साध्या पाण्यापेक्षा चहा वाईट, कारण पाणी उडून जाते पण साखर तिथेच चिकटून बसते.

असा की-बोर्ड सहसा दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावा लागतो. बऱ्याच नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये तो वरच्या पत्र्याला पक्का बसवलेला असतो. म्हणून काम वाढते आणि बिलही.

धुळीपुरते कव्हर चांगले

हे मान्य करायलाच हवे. आपल्या वर्गात खडूची भुकटी आहे, मैदानाची माती आहे, मधल्या सुट्टीत हात न धुता धावत आलेली मुले आहेत. घरी शेंगदाण्याची टरफले आणि बिस्किटाचा चुरा. चुऱ्यामागून मुंग्या येतात, आणि मुंग्या एकदा आत गेल्या की त्यांना बाहेर बोलावण्याचा तास आपल्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात नव्हता. अशा ठिकाणी नीट बसणारे कव्हर खरेच उपयोगी पडते.

धुळीचा एक कण किती महागात पडतो याचे उदाहरण मोठे आहे. ॲपल कंपनीने २०१५ मध्ये आपल्या १२ इंची मॅकबुकमध्ये 'बटरफ्लाय' नावाची अतिशय चपटी बटणे आणली. पुढे लोकांच्या तक्रारी आल्या की बटणे अडकतात, नाहीतर एकदा दाबले तर अक्षर दोनदा उमटते. जून २०१८ मध्ये कंपनीला अशा की-बोर्डसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्याच वर्षीच्या नव्या मॉडेलमध्ये प्रत्येक बटणाखाली सिलिकॉनचा पातळ पडदा आला. म्हणजे कव्हरच म्हणा की, पण बटणाच्या आतून! शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कंपनी पुन्हा कात्रीच्या रचनेकडे वळली.

पण एक लक्षात घ्या. कव्हर फक्त बटणांवरची धूळ अडवते. लॅपटॉपच्या खालून आणि बाजूने पंख्याच्या जाळीतून जी हवा आत जाते, तिच्याबरोबरची धूळ ते अडवू शकत नाही. फळ्याखालच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचा, वर डस्टर झटकायचे आणि कव्हर आहे म्हणून निर्धास्त राहायचे, याला अर्थ नाही. टेबल फळ्यापासून लांब हलवा. याला पैसेही लागत नाहीत.

पाण्याचे काय?

इथे आपली सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. कव्हर घातले म्हणजे रेनकोट घातला असे आपण समजतो. त्याच बाद की-बोर्डवर मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. ताटात की-बोर्ड ठेवा, त्यावर कव्हर घाला. आधी चमच्याने रंगीत पाणी टाका. पाणी कव्हरच्या खळग्यांत थांबते. टीपकागदाने टिपा, खाली कोरडे आहे. मुले टाळ्या वाजवतील. आता अर्धा पेला एकदम ओता आणि ताट किंचित तिरके करा. पाणी कडेकडेने धावते आणि जिथे कव्हर संपते तिथून खाली उतरते. कव्हरच्या कडा कुठेच चिकटवलेल्या नसतात ना!

खऱ्या लॅपटॉपवर ही कड म्हणजे कुठली जागा? चालू करायचे बटण, स्पीकरची भोके आणि स्क्रीनच्या बिजागरीजवळची फट. म्हणून शिंतोडे उडाले तर कव्हर वाचवते, पेला लवंडला तर फार तर दोन-चार सेकंद मिळवून देते. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये सांडलेले पाणी खाली निघून जाण्यासाठी मुद्दाम वाट ठेवलेली असते. सगळ्यांत नसते. आपल्याकडचे मॉडेल तसे आहे असे धरून चालू नका.

झाकण बंद करताना

याकडे कुणाचे लक्ष नसते, आणि नुकसान इथे होते. लॅपटॉपचा पडदा आणि बटणे यांच्यात मिटल्यावर फारच थोडी जागा उरते. पातळ लॅपटॉपमध्ये तर जेमतेम. त्यात जाड सिलिकॉनचे कव्हर तसेच ठेवून झाकण दाबले, वर हजेरीपटाचा गठ्ठा ठेवला, मग ते दप्तरात कोंबून दुचाकीवरून नेले, तर पडद्यावर बटणांचे चौकोनी डाग उमटतात. कधी पडदाच तडकतो. पडद्याचा खर्च की-बोर्डपेक्षा सहसा जास्त! ॲपलनेही मॅकबुक बंद करताना की-बोर्डवर आणि तळहात टेकतो त्या जागेवर काही ठेवू नये असे सांगितले आहे. तुमचा लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा असो, कव्हर घालून झाकण मिटा आणि समोरच्या कडेला डोळा लावून बघा. कव्हर नसताना जेवढी फट दिसते त्यापेक्षा जास्त दिसली, तर ते कव्हर झाकणाखाली ठेवायचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, रोज काढायचे आणि रोज घालायचे? हो. ते जमणार नसेल तर न घातलेले बरे.

उष्णतेबद्दल थोडक्यात सांगते. काही लॅपटॉप बटणांच्या फटीतूनही हवा घेतात, काहींत पंखाच नसतो आणि गरमी वरच्या पत्र्यातूनच बाहेर पडते. अशा यंत्रावर दिवसभर रबराची चादर घातली तर ते तापते आणि मंदावते. ऑनलाइन माहिती भरताना तास-दोन तास लॅपटॉप चालू असतो, बाहेर मे महिना असतो. तेव्हा तरी कव्हर बाजूला काढून ठेवा. आणि पालकहो, गादीवर, उशीवर ठेवून लॅपटॉप वापरणे त्याहून वाईट, कारण तिथे खालची जाळीच बंद होते.

टायपिंग शिकणाऱ्या मुलांसाठी

शिक्षिका म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या की-बोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीकशी उंच रेघ असते. मुलांना शोधायला सांगा, डोळे मिटून. न बघता बोटे जागेवर यावीत म्हणून ती असते. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत हीच बटणे म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आणि 'र'. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातली ही मांडणी आहे. मधल्या ओळीत डावीकडे स्वरचिन्हे, उजवीकडे प, र, क, त, च, ट. डाव्या हाताने काना-मात्रा आणि उजव्या हाताने बहुतेक व्यंजने, अशी छान विभागणी असल्याने मुलांना ती पटकन बसते.

जाड कव्हरखाली ती रेघ बोटाला लागत नाही. त्यात लॅपटॉपचे बटण मुळातच दीड मिलिमीटरच्या आसपास खाली जाते. त्यावर रबर आले की दाबले गेले की नाही हे बोटाला कळत नाही, आणि मूल बटणे ठोकायला लागते. मान खाली घालून अक्षर शोधायची सवयही इथूनच लागते. पुढे ज्याला शासनाच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला ३० शब्दांचा वेग गाठायचा आहे, त्याला ही सवय मोडताना फार त्रास होतो. मराठी अक्षरे छापलेली कव्हरेही मिळतात. त्यापेक्षा इनस्क्रिप्टचा तक्ता भिंतीवर लावा. नजर वर राहते.

मग करायचे काय?

मुलांच्या हाताखाली लॅपटॉपचा की-बोर्ड द्यायचाच नाही! चारशे-पाचशे रुपयांत यूएसबीचा साधा की-बोर्ड मिळतो. तो जोडा आणि लॅपटॉप मागे सरकवून फक्त पडद्यासारखा वापरा. बाहेरच्या की-बोर्डची बटणे खोल जातात, रेघ स्पष्ट लागते, दोन मुले शेजारी बसू शकतात. खडू पडला, पाणी सांडले, कुणी रागाने बटण उपटले, तरी नुकसान चारशे रुपयांचे. कव्हरच्या दुप्पट पैसे जातात खरे, पण ज्या भीतीने आपण कव्हर घेतो ती भीतीच राहत नाही. माझे मत विचाराल तर शाळेने आणि लहान मुले असलेल्या घराने हाच खर्च करावा.

काम नसताना धुळीसाठी लॅपटॉप मिटून त्यावर सुती कापड टाका. गावातल्या शिंप्याकडून जुन्या चादरीचा खोळ शिवून घेतला तर तो धुताही येतो.

तरीही कव्हर घ्यायचेच असेल, तर तुमच्याच मॉडेलचे, बटणांवर घट्ट बसणारे आणि पातळ घ्या. 'सगळ्या १५ इंचीला चालते' असे सांगून देतात ते सपाट कव्हर सरकत राहते आणि त्याच्या सुरकुतीत धूळ साठते. आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ओलसर कव्हर घातले तर तो ओलावा आपणच आत कोंडतो. कव्हरखालची बटणेही अधूनमधून लॅपटॉप बंद करून रंगकामाच्या मऊ ब्रशने झाडत जा.

आणि पेला लवंडलाच तर

हे चार वाक्यांत लिहून संगणकाच्या टेबलाशेजारी चिकटवा, कारण त्या क्षणी कुणालाच काही सुचत नाही. चार्जर ओला नसेल तर लगेच काढा, हात किंवा वायर ओली असेल तर आधी भिंतीवरचे मेन स्विच बंद करा. चालू-बंदचे बटण दाबून धरा, पडदा विझेपर्यंत, फाइल जतन करण्याच्या नादी लागू नका. झाकण उघडे ठेवून लॅपटॉप तंबूसारखा पालथा घाला, म्हणजे पाणी आत न जाता बटणांतून खाली गळेल. केस वाळवायचे यंत्र लावू नका, तांदळात पुरू नका आणि 'बघू या चालतो का' म्हणून चालूही करू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि पाणी होते की चहा ते त्याला खरे सांगा.