आधी दोरी, मग म्यान, शेवटी पातं

गळ्यात सुरी घालायची म्हटलं की घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. तरीही सह्याद्रीत हिंडणाऱ्या काहीजणांच्या गळ्यात ती असते, त्याला कारण आहे. पाठीवर सॅक, कमरेला सॅकचा पट्टा आवळलेला, वरून पावसाचा पोंचो. अशा अवतारात पँटच्या खिशातला चाकू असून नसल्यासारखा होतो. कमरपट्ट्यावर लावलेली सुरी सॅकच्या पट्ट्याखाली दबते आणि बरगडीला टोचते. मावळातला, कोकणातला शेतकरी कमरेला मागे आकडीत कोयता अडकवतो. त्याच्या पाठीवर सॅक नसते, म्हणून ती जागा त्याला सोयीची. आपली मोकळी जागा उरते ती छातीवर, जिथे उजवा आणि डावा दोन्ही हात पोचतात.

मी तरुण मुलामुलींना घेऊन डोंगरात जाते. दर मोसमात कुणीतरी नवी सुरी दाखवतं आणि पात्याचं पोलाद कोणतं ते सांगायला लागतं. माझा पहिला प्रश्न दोरीचा असतो.

१. दोरी सुटली पाहिजे.

गळ्यातल्या सुरीचा सर्वांत मोठा धोका पात्यात नाही, दोरीत आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सुऱ्यांबरोबर पॅराकॉर्ड येते. ही दोरी साधारण २५० किलोचा भार पेलते. आत सात धाग्यांचा गाभा, वर विणलेलं आवरण. गाभा काढून टाकला तरी उरलेलं आवरण गळा सोडण्याइतकं कमकुवत होत नाही. करवंदीच्या जाळीतून उतरताना, लोखंडी शिडीवरून पाय सरकताना, कातळाच्या टोकात ती अडकली तर तिचा फास होतो.

म्हणून मानेच्या मागे, बरोबर मध्यावर, ओढ बसली की आपोआप उघडणारी प्लास्टिकची चाप हवी. ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्यांना अशी चाप असते आणि स्टेशनरीच्या दुकानात ती सहज मिळते. चापेखाली कुठेही जास्तीच्या गाठी ठेवू नका, गाठीही अडकतात.

आता यातली खरी गोम. चाप फार सैल असेल तर सुरी उपसतानाच ती उघडते आणि सगळं हातात येतं. फार घट्ट असेल तर लावली न लावली सारखीच. म्यानातून सुरी सुटायला जेवढा जोर लागतो त्याहून चापेचा जोर थोडा जास्त हवा, आणि मान दुखावण्याच्या खूप आधी ती सुटायला हवी. मी घरी दाराच्या कडीला दोरी लावून खाली पाच लिटरचा भरलेला कॅन अडकवून बघते. चाप उघडली नाही तर ती दोरी गळ्यात जात नाही. परीक्षा घेताना दोरीची पूर्ण माळ टांगावी, कारण माळेत भार दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटला जातो. एकेरी दोरीवर पटकन उघडणारी चाप गळ्यात तेवढी पटकन उघडत नाही.

बायकांसाठी आणखी एक. मंगळसूत्र, साखळी, काळी पोत यांच्यासोबत ही दोरी घालू नका. एकमेकींत पीळ बसला की चाप उघडूनही काही सुटत नाही. दागिना घरी ठेवावा. तो ठेवायचा नसेल तर सुरी सॅकमध्ये ठेवावी.

२. लांबी छातीच्या हाडाएवढी.

म्यान छातीच्या मधल्या हाडावर टेकलं पाहिजे. त्याहून वर असेल तर मान खाली केल्यावर म्यानाचं टोक हनुवटीला लागतं. पोटापर्यंत लोंबत असेल तर वाकताना पुढे झोके खाते, चुलीवरच्या पातेल्यात डोकावते, सॅकच्या छातीपट्टीत गुंतते. शर्टाच्या आत ठेवलेली बरी. तिथे ती हलत नाही आणि वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्याला उगाच धास्तीही वाटत नाही. हा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपण त्याच्या रानात पाहुणे असतो.

आत ठेवायची म्हणजे सुरी चपटी आणि हलकी हवी. म्यानासकट शंभर ग्रॅमच्या आसपास वजन असेल तर दिवसभर मानेला त्रास होत नाही. जाड, गोल मुठीची सुरी छातीवर नको. घसाऱ्यावर माणूस बहुतेक वेळा मागे बसतो, पण कधी पुढेही आपटतो, आणि तेव्हा ती मूठ हाडावर बसते.

३. म्यान उलटं धरून झटका.

गळ्यातली सुरी मूठ खाली आणि टोक वर अशी असते. म्हणजे ती चोवीस तास पडायच्या तयारीत असते. तिला धरून ठेवतं ते केवळ म्यान. त्यासाठी कायडेक्स हे घट्ट प्लास्टिक चांगलं. ते तापवून पात्याच्या आकारावर दाबलेलं असतं, त्यामुळे सुरी आत जाताना ‘टक्‌’ असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर ती नीट बसलेली नाही. विकत घेताना आणि नंतर प्रत्येक ट्रेकच्या आदल्या रात्री म्यान गादीवर उलटं धरून जोरात झटकावं. सुरी पडली की ते म्यान बाद.

चामड्याचं म्यान दिसायला देखणं असतं. थंड, कोरड्या मुलखात ते टिकतही असेल. आपल्या जुलैत ते भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला बुरशी येते, आणि ओल्या चामड्यात पातं गंजतं. शिवाय भिजून ते सैल पडतं, आणि टोक वर असलेल्या सुरीला सैल म्यान म्हणजे अपघाताचं आमंत्रण. कायडेक्सलाही एक खोड आहे. आत वाळूचा, मुरुमाचा कण गेला की पात्यावर ओरखडे उठतात आणि पकड बिघडते. तळाला पाणी निघायला भोक असलेलं म्यान घ्यावं आणि परतल्यावर ते नळाखाली धरावं.

४. पातं बोटापेक्षा लांब नको.

पाच-सहा सेंटिमीटर पुरे. स्वीडनमधलं मोरा हे गाव सुऱ्यांसाठी ओळखलं जातं. तिथली ‘एल्ड्रिस’ नावाची छोटी सुरी गळ्यात घालायला सोयीची म्हणून लोकप्रिय झाली. तिचं पातं ५६ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड आहे. एवढ्या पात्यात सुतळी कापणं, कांदा-काकडी चिरणं, बँडेजची पट्टी फाडणं, बुटाची तुटलेली नाडी नीट करणं, सगळं होतं. लाकडं फोडणं तिचं काम नाही. उभं झाड किंवा ओली फांदी तर कोणत्याच सुरीने तोडू नये.

दोन्ही बाजूंना धार असलेलं, खंजिरासारखं पातं घेऊ नका. अंगठा टेकवायला एक बोथट पाठ लागतेच. घडीची सुरीही गळ्यात नको. तिचं कुलूप छातीवर सैल झालं तर कळतही नाही.

५. पोलादाचा घोळ थोडक्यात.

आपला घाम खारट आणि पाऊस चार महिन्यांचा. म्हणून न गंजणारं पोलाद घ्यावं. १२सी२७ हे स्वीडिश पोलाद घ्या. त्यात क्रोमियम साधारण साडेतेरा टक्के असतं, धार बरी टिकते आणि साध्या दगडावर परत लावता येते. गावातला लोहार ट्रकच्या पाट्यापासून सुरी करून देतो तिला धार फार सुंदर येते, मला ती मनापासून आवडते. पण शर्टाच्या आत, घामात, ती एका दिवसात लालसर होते. तीच हवी असेल तर रोज पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. तेल खाण्याचंच असल्याने नंतर काकडी चिरायलाही अडचण नाही.

६. उपसणं आणि परत ठेवणं.

गळ्यातल्या सुरीने माणूस कापला जातो तो बहुतेक या दोन क्षणी. डाव्या हाताने म्यान धरायचं, उजव्याने मूठ धरून अंगठ्याने म्यानाच्या कडेला रेटा द्यायचा, मग सुरी सरळ खाली आणि शरीरापासून दूर न्यायची. हिसका मारायचा नाही. हिसक्याने निसटलेली सुरी थेट मांडीकडे जाते.

परत ठेवताना घाई फार नडते. टोक वर करून, गळ्याच्या दिशेने, न बघता सुरी म्यानात सारणं मला कुणाचंही बघवत नाही. म्यान शर्टातून बाहेर काढा, शक्यतो गळ्यातूनच काढा, समोर धरा, डोळ्यांनी बघा, ‘टक्‌’ ऐका, मग पुन्हा गळ्यात घाला. दहा सेकंद लागतात.

बसून काही कापायचं असेल तर मांडीवर ठेवून कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते, आणि ती कापली गेली तर डोंगरात रक्त थांबवणं फार अवघड असतं. कोपरे गुडघ्यांवर टेकवून, हात गुडघ्यांच्या पलीकडे नेऊन कापा. बोटाला खोल किंवा मळकी जखम झाली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर खाली उतरल्यावर डॉक्टरकडे जाऊन ते घ्या.

७. ताणलेला दोर आणि उघडं पातं.

याबद्दल मी सर्वांत जास्त बोलते. पावसाळ्यात धबधब्यातून रॅपलिंग करताना मोकळे केस किंवा ढगळ टी-शर्टाचं टोक डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरण्याच्या साधनात, ओढलं जातं. माणूस मध्येच लटकतो, डोक्याची कातडी ताणली जाते, वरून पाण्याचा मारा. अशा वेळी गळ्यातली सुरी आठवते. तिथेच थांबायचं.

भार असलेला दोर सैल दोरासारखा वागत नाही. जमिनीवर पडलेला जाड दोर कापायला करवतावं लागतं. तोच दोर माणसाच्या वजनाने ताणलेला असताना पात्याचा नुसता स्पर्श झाला तरी धागे फटाफट तुटत जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरून किंवा खालून मदतीला हाक. मग डिसेंडरच्या वर प्रुसिकची, म्हणजे भार आला की दोराला आवळून धरणारी, गाठ मारून, तिला पायासाठी लूप जोडून, त्यात उभं राहायचं. वजन उतरलं की अडकलेले केस बहुतेक वेळा हातानेच निघतात. तरीही कापावं लागलं तर धार दोराकडे पाठ करून, केसांच्या मुळाकडच्या बाजूला, डिसेंडरपासून जितकं दूर शक्य तितकं. दुसऱ्या हाताचा तळवा दोर आणि पातं यांच्या मध्ये ठेवायचा. तळवा कापला गेला तरी माणूस खाली उतरतो.

प्रुसिकची तयारी नसेल तर सुरी उपसू नका, वरच्यांना मदत करू द्या. आणि मुळात केस बांधून हेल्मेटखाली, शर्ट हार्नेसच्या आत खोचून दोराला लागावं.

८. कधी ती गळ्यात नको.

चढाई करताना, गळ्यात स्लिंगा आणि कॅरॅबिनर असताना, कॅमेऱ्याचा पट्टा असताना, पोहताना, झोपताना, लहान मूल खांद्यावर असताना. चढाईला मी ती चेन असलेल्या खिशात टाकते.

९. कायदा वाचून जा.

‘एवढीशी सुरी, तिला कोण विचारतो’ असं म्हणणारे खूप भेटतात. २०१६च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती वा शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. आपली सुरी त्याहून फारच लहान. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश निघतात. या कलमात काठ्यांबरोबर सुऱ्यांचंही नाव आहे.

ट्रेकर मंडळींच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुऱ्या स्पष्टपणे येतात. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. भीमाशंकर आहे. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. आपल्या आवडीच्या कितीतरी वाटा यात येतात. त्या वाटांवर मी सुरी नेत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीतली बोथट टोकाची कात्री बँडेज आणि सुतळीला पुरते, आणि भाजी घरून चिरून नेता येते. वनरक्षकाने सॅक उघडायला सांगितली तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, तो आपल्याच डोंगरासाठी उभा असतो.

विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकावी. परदेशी शिकायला किंवा मुलांकडे जाणाऱ्यांनी तिथले नियम आधी बघावेत. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी घडीचा, कुलूप नसलेला, ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा खिशातला चाकू चालतो. न मिटणारी सुरी पाच सेंटिमीटरची असली तरी जवळ बाळगायला सबळ कारण दाखवावं लागतं. ‘गळ्यात घालायची सवय आहे’ हे तिथे कारण होत नाही.

शहरातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत तिला गळ्यात घालायचं काहीच काम नसतं. एसटीत, लोकलमध्ये, रिक्षात ती म्यानासकट कापडात गुंडाळून सॅकच्या तळाशी असावी. गावातून वर निघताना, शेवटचं घर मागे पडल्यावर काढावी, उलटी झटकून बघावी, चाप ओढून बघावी, आणि मग शर्टाच्या आत सोडावी.