हे तुला कोणी सांगितले?

गेल्या रबीउल अव्वल महिन्यात आमच्या मकतबातील नववीची एक विद्यार्थिनी आपले भाषण दाखविण्यासाठी माझ्याकडे आली. तिच्या शाळेत सीरत विषयावर वक्तृत्व स्पर्धा होती आणि तिने 'प्रेषित मुहम्मद (स.) आणि निसर्ग' हा विषय निवडला होता. भाषण नेटके होते. मराठी इतके सफाईदार की मी मनोमन सुखावलो. मध्यावर वृक्षांविषयी एक हदीस होती, दोन ओळींची, अत्यंत मधुर. आणि तिच्याखाली सहीह बुखारीतील क्रमांकही दिलेला होता.

ती हदीस माझ्या वाचनात कधी आली नव्हती. आली नसेल, असे म्हणून मी पुढे जाऊ शकलो असतो. मदरशात अनेक वर्षे काढली म्हणून माणसाला सर्व काही ठाऊक असते असे नाही. तरीही कपाटातून ग्रंथ काढून तो क्रमांक उघडला, तर तेथे नमाजच्या प्रकरणातील निराळीच हदीस निघाली. अन्य संग्रह पाहिले, माझ्या दोन उस्तादांना फोन केला. ते वचन कोठेही आढळले नाही.

"बेटा, हे तुला कोणी सांगितले?" मी विचारले.

तिने दप्तरातून वडिलांचा मोबाईल काढला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका प्रणालीला तिने झाडांवरची एक हदीस क्रमांकासह मागितली होती आणि प्रणालीने ती तत्काळ दिली होती. मुलगी खोटे बोलणारी नव्हे. माझा चेहरा पाहून ती गोंधळली आणि म्हणाली, "मौलाना, एवढं सुंदर आहे, मग ते खोटं कसं असेल?"

वाचकहो, तिच्या या प्रश्नात आपल्या घरातील प्रत्येक शाळकरी मुलासमोर उभी असलेली अडचण आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

ही यंत्रे अफाट मजकूर वाचून घडविलेली असतात. आपण प्रश्न केला की त्या मजकुराच्या सवयीवरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज बांधत ती वाक्य पूर्ण करतात. हदीस मागितली की हदीसीसारखे दिसणारे वाक्य येते, क्रमांक मागितला की क्रमांकासारखा दिसणारा आकडा येतो. पुष्कळदा उत्तर बरोबर असते, आणि धोका नेमका त्यामुळेच वाढतो, कारण चुकीचे उत्तरही तितक्याच ठाम सुरात येते. मराठीत इस्लामी ग्रंथसाहित्य आधीच तुटपुंजे. तेथे अंदाजाला वाव अधिकच.

आता आपल्या पूर्वसूरींकडे पाहा. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) हे प्रेषितांचे सहचर. एका हदीसीसाठी त्यांनी उंट खरेदी केला आणि महिनाभर प्रवास करून शाम देशी हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांचे दार ठोठावले. ती हदीस त्यांच्यापर्यंत पोहोचलेली होतीच. ज्याने ती प्रत्यक्ष ऐकली त्याच्या मुखातून त्यांना ती ऐकावयाची होती. पुढे याच वृत्तीतून सनदीचे शास्त्र उभे राहिले. अमुकाने तमुकाकडून ऐकले, तमुकाने कोणाकडून, तो सत्यवचनी होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट तरी झाली होती काय. वचन कितीही सुंदर असो, साखळी तुटली की मुहद्दिस थांबत असत. सौंदर्य हा पुरावा होऊ शकत नाही, हे आपल्या उम्मतने बाराशे वर्षांपूर्वी शास्त्र म्हणून मांडले. आपण सभासंमेलनांतून 'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला हे मोठ्या अभिमानाने सांगतो. सांगावे. पण यंत्राच्या या युगात मुहद्दिसांची शिस्त आपल्या मुलांच्या अधिक उपयोगाची आहे, असे मला वाटते.

यंत्राला सनद नसते. त्याने ते कोणाकडून ऐकले, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. आणि प्रेषितांच्या (स.) नावे जाणूनबुजून असत्य खपविणाऱ्याने आपले स्थान नरकात निश्चित समजावे, अशा आशयाचा इशारा तर असंख्य सहचरांकडून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. त्या मुलीने जाणूनबुजून काही केले नव्हते. तिच्यावर कसला दोष? परंतु ते वाक्य व्यासपीठावरून बोलले गेले असते, सभागृहातील मुलांनी घरी नेले असते, कोणी व्हॉट्सॲपवर धाडले असते, आणि वर्षभरात एखाद्या खतीबाने मिंबरवरून सांगितले असते. तो खतीब मीही असू शकलो असतो. अल-हुजुरात या सूरहची सहावी आयत बातमी आली की आधी शहानिशा करण्याची आज्ञा देते. ती आज्ञा बातमी आणणारा माणूस आहे की मोबाईल, हे पाहून शिथिल होत नाही.

येथवर केवळ धर्मवचनांचा प्रश्न झाला. परंतु इतिहासाचा प्रकल्प, विज्ञानाची वही, मराठीचा निबंध, यांत कोणती हदीस आली? तेथे प्रश्न निराळा आहे. आले इम्रान सूरहच्या 188 व्या आयतीत, न केलेल्या कामाबद्दल आपली स्तुती व्हावी असे ज्यांना वाटते, त्यांना कठोर इशारा आहे. आणि आपल्याजवळ नसलेली गोष्ट असल्याचे दाखविणारा मनुष्य जणू असत्याची दोन वस्त्रे पांघरतो, या आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. यंत्राने लिहिलेल्या निबंधावर मूल स्वतःचे नाव घालते तेव्हा ते शिक्षकांसमोर साक्ष देत असते की, हे मी लिहिले. वही म्हणजे साक्ष आहे, हे आपण मुलांना सांगितलेच नाही.

येथे एक कबुली द्यावी लागेल. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी एका ललित निबंधाचा स्वाध्याय बाजारातील गाईडमधून उतरवून दिला होता. त्या वेळी असली यंत्रे नव्हती, तरी नक्कल होतीच. गुण चांगले मिळाले. पण त्या निबंधातील एक वाक्यही आज मला आठवत नाही. त्याच वर्षी संतसाहित्यावर जे रडतखडत स्वतः लिहिले आणि ज्यावर लाल शाईचे रान माजले होते, ते मात्र परिच्छेदांसह आठवते.

मग मुलांच्या हातून हे साधन काढून घ्यावे काय? काही वडीलधारे तसे सुचवितात. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी जानेवारी 2023 मध्ये चॅटजीपीटीवर आपल्या संगणकांवर बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठविली. आपल्याकडे सीबीएसईने तर 2019-20 पासूनच नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय ठेवला. शिवाय ज्या घरात शिकवणीची फी परवडत नाही आणि आईवडिलांचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे, तेथे रात्री दहा वाजता अपूर्णांकांचा भागाकार न कंटाळता चार वेळा समजावणारे कोणी असणे ही नेमत आहे. ती नाकारण्याचा अधिकार मला नाही. मूल आधी स्वतः लिहो, मग यंत्राला चुका विचारो. गणित आधी स्वतः सोडवो, मग अडलेली पायरी विचारो. "माझी परीक्षा घे, मला प्रश्न विचार", असे त्याला सांगो. उत्तर तयार मागण्यात आणि आपली समज तपासून घेण्यात जो भेद आहे, तो दहा वर्षांच्या मुलालाही कळतो. फक्त कोणीतरी तो एकदा बोलून दाखवावा लागतो. युनेस्कोने सप्टेंबर 2023 च्या आपल्या मार्गदर्शिकेत अशा साधनांशी स्वतंत्रपणे संवाद साधण्यासाठी किमान 13 वर्षे वयाची मर्यादा सुचविली आहे. त्याहून लहान मुलाजवळ मोठ्यांपैकी कोणी बसलेले असावे. तलाक, विरासत, हलाल-हराम हे प्रश्न मात्र मोठ्यांनीही यंत्राकडे नेऊ नयेत. त्यासाठी आलिम हयात आहेत.

शिक्षकवर्गालाही एक विनंती. वही सफाईदार दिसली की मुलावर नक्कलेचा आरोप करण्याची घाई नको. यंत्राचे लेखन ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनविणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन जुलै 2023 मध्ये अचूकता अपुरी असल्याने मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 निबंध अशा साधनांतून घातले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिल्याचा खोटा ठपका बसला. घरी दखनी किंवा कोकणी, शेजारी मराठी, मकतबात उर्दू आणि शाळेत इंग्रजी असा आपल्या मुलांचा प्रवास. अशा साधनाच्या कचाट्यात प्रथम कोण सापडेल, हे सांगावयास नको. अल-हुजुरातचीच बारावी आयत वाईट संशयापासून दूर राहण्यास सांगते.

संशयाऐवजी आपल्याजवळ जुना उपाय आहे. हिफ्जच्या वर्गात उस्ताद रोज समोर बसवून सबक ऐकतात. मागचे पाठ पुन्हा ऐकतात. तेथे कोणाची नक्कल चालते? शाळेतही निबंध घेतल्यावर दोन मिनिटे मुलाला समोर उभे करून विचारावे: हा शब्द का वापरलास? ही माहिती कोठे मिळाली? साठ मुलांच्या वर्गात हे रोज शक्य नाही, मान्य. आठवड्याला पाच मुले तरी ऐकता येतील.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. घरातील भांडण, आजार, आधार क्रमांक, बहिणीचे छायाचित्र, यांतले काही यंत्रापुढे ठेवू नये. घराची सत्र ही अमानत आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे राहिले. असरपासून मगरिबपर्यंत आम्ही दोघे ग्रंथ घेऊन बसलो. मुस्लिमाने लावलेल्या रोपातून पक्षी, माणूस वा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, या आशयाची हदीस तिने स्वतः अनुक्रमणिकेतून शोधून काढली. ती बुखारीत आहे, मुस्लिममध्येही आहे, हजरत अनस (रजि.) यांचे नाव तिने वहीत दोनदा अधोरेखित केले. स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. परीक्षकांनी हदीसीचा आधार विचारला तेव्हा तिने रावीचे नाव न अडखळता सांगितले, असे तिच्या वडिलांकडून कळले.

तेव्हापासून आमच्या मकतबातील मुलांच्या वह्यांत उजवीकडे एक उभी रेघ मारलेली असते. रेघेच्या या बाजूला माहिती, त्या बाजूला ती कोणी सांगितली त्याचे नाव: पुस्तक, उस्ताद, आजी, यंत्र, जे असेल ते. 'यंत्र' लिहिण्यास मनाई नाही. मात्र त्याखाली दुसरे एक नाव यावे लागते. हदीसीचे मराठी व उर्दू अनुवाद मशिदीच्या कपाटात आहेत. इशानंतर अर्धा तास कपाट उघडे असते, आणि चावी मुअज्जिन साहेबांकडे मिळते.