कऱ्हाड शोधात का सापडत नाही?

एका संस्थेच्या सभासदयादीत ‘कऱ्हाड’ शोधलं की थोडेच सभासद यायचे. बाकीचे पडद्यावर ढळढळीत दिसत होते, पण शोधाच्या हाती लागत नव्हते. खापर लगेच लोकेलवर फुटलं आणि अख्खा पोस्टग्रेस डेटाबेस ‘सी’ लोकेलमध्ये पुन्हा उभारायची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, आधी बाइट मोजू.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. काही ‘कऱ्हाड’ १८ बाइटांचे निघाले, काही २१ चे. कुणाच्या कीबोर्डने सरळ ‘ऱ’ टाकला होता, कुणाच्या कीबोर्डने ‘र’ला नुक्ता जोडला होता, तर कुणाच्या कीबोर्डने र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर टाकला होता. दिसायला तिन्ही सारखे. पण पोस्टग्रेसचं ‘लाइक’ अक्षराचं रूप पाहत नाही, संकेतांक जुळवतं. लोकेल बदलून इथे काहीच हाती लागलं नसतं.

२०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये ‘नॉर्मलाइझ’ आहे. ते नुक्त्याचा ‘र’ ‘ऱ’मध्ये आणतं, जॉइनरला मात्र हात लावत नाही. पण म्हणून जॉइनर सरसकट पुसू नका. ‘र्‍ह’चा रफार होतो आणि गावाचं नावच बिघडतं. र-हलन्त-जॉइनर हे त्रिकूट शोधून त्याजागी ऱ-हलन्त घाला. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या नोंदींत ‘अ’वर चंद्र दिलेला सापडतो आणि नॉर्मलाइझ तो जोडत नाही. तो बदल स्वतः लिहावा लागतो. मूळ मजकूर तसाच ठेवा, शोधासाठी वेगळा रकाना करा, आणि शोधशब्दही त्याच चाळणीतून काढा. हे विसरलात तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

लोकेलचा प्रश्न येतो तो वेगाच्या बाबतीत. ‘सी’ सोडून दुसरं लोकेल असेल तर ‘कऱ्हा%’ अशा शोधाला साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. ‘टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स’ लावून वेगळा करावा लागतो. टक्का सुरुवातीलाच असेल तर तोही कामाचा नाही.

लोकेलचा आणखी एक धोका वर्णक्रमाचा. लिनक्सला लोकेल पुरवणाऱ्या जीलिबसी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने, २०१८ मध्ये, तो क्रमच बदलला. सर्व्हरची लिनक्स त्या टप्प्यापलीकडे नेणार असाल तर मजकुराचे साधे इंडेक्स पुन्हा बांधा. पॅटर्नवाले बाइटांच्या क्रमाने चालतात, त्यांना या बदलाचा धक्का नाही.