सायकलचे चाक आणि रस्त्याचे हादरे

म्हैसूर शहरात जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक भाडोत्री सायकलींची योजना सुरू झाली. अशा योजनेत एकाच सायकलीवर सकाळी एखादा सडपातळ विद्यार्थी बसतो, तर सायंकाळी एखादा स्थूल गृहस्थ. सायकल तीच व रस्ताही तोच. तरीही विद्यार्थ्यास हादरे अधिक जाणवतात. असे का व्हावे?

प्रथम हादऱ्याचे स्वरूप पाहू. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला ५ मीटर अंतर कापते. रस्त्यावर दर १० सेंटिमीटरांवर एक उंचवटा असेल, तर चाकास सेकंदाला ५० धक्के बसतील. हे धक्के कंपरूपाने मुठींतून तळहातांत आणि बैठकीतून पाठीच्या कण्यात पोहोचतात. लांबच्या प्रवासात बोटांना मुंग्या येतात, त्याचे हे एक कारण होय.

१८६० नंतरच्या दशकातील सायकलींना बैलगाडीप्रमाणे लाकडी चाके व त्यांवर लोखंडी धाव असे. पुढे ताणलेल्या तारांचे आरे आणि भरीव रबर आले. हवा भरलेल्या धावेचे एकस्व रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्येच घेतले होते. परंतु ती कल्पना विस्मृतीत गेली. १८८८ मध्ये जॉन डनलॉप याने बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती पुन्हा शोधून काढली, आणि मग तिचा सर्वत्र प्रसार झाला.

आता चाकाच्या धातूचा विचार करू. पोलाद हे ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ असते. तेव्हा ॲल्युमिनियमची रिम अधिक सुखावह असेल, असा तर्क सहज होतो. पण तो फसवा आहे. तुंबा, आरे, रिम व टायर हे एकापुढे एक जोडलेल्या स्प्रिंगांसारखे असतात, आणि अशा साखळीत सर्वांत मऊ स्प्रिंगच बहुतेक धक्का सोसते. स्वाराच्या भाराने रिम व आरे मिळून एक मिलिमीटरही दबत नाहीत. टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो. म्हणून रिम पोलादाची, ॲल्युमिनियमची वा कार्बन तंतूंची असली, तरी बैठकीवर फरक क्वचितच जाणवतो. ॲल्युमिनियमचे खरे गुण निराळे आहेत : ते वजनाने हलके असते, आणि रिमवर घासणारे ब्रेक पावसात पोलादापेक्षा त्यावर चांगले लागतात.

टायरचा जमिनीशी होणारा स्पर्श भार व दाब यांच्या भागाकारावरून काढता येतो. चाकावर ६० किलोग्रॅम भार आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम असेल, तर स्पर्शाचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस सेंटिमीटर होईल. भार ३० किलोग्रॅम असल्यास ते साडेसातच भरेल. म्हणजे तोच टायर हलक्या स्वारास दगडासारखा लागेल. याउलट हवा फार कमी असल्यास खड्ड्यात ट्यूब रिम व दगड यांमध्ये चिमटून फाटते. रुंद टायरात मात्र हवा जास्त मावते, त्यामुळे कमी दाबानेही काम भागते.

करून पाहा : टायरला खडूची पूड लावा, चाकाखाली चौकटीचा कागद ठेवा आणि सायकल धरावयास सांगून तीवर बसा. ठशातील चौकटी मोजा. नंतर थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. नवी रिम विकत घेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा. कारण पुष्कळदा जे सुख पैसे देऊन शोधले जाते, ते पंपाच्या चार दांड्यांवर अवलंबून असते.