मी, आम्ही, आपण : एका गीताची वाटचाल

शाळेच्या प्रार्थनेत मुले ‘हम होंगे कामयाब’ हे गीत म्हणतात, ते पुष्कळांनी ऐकले असेल. ते हिंदीत आणले गिरिजाकुमार माथुर यांनी. मूळचे ते कोठले, असे परवा आमच्या गावच्या गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, “माउली, पुस्तकात आहे तसे म्हणवून घेतो.” यात त्यांचा दोष नाही. पण या गीताची वाटचाल अभ्यासण्यासारखी आहे. समाज पालटू लागला म्हणजे त्याच्या तोंडचे गाणे कसे पालटते, हे तीत पायरीपायरीने दिसते. आपला तर अर्धा जन्म गाण्यातच जातो. तेव्हा हा विचार आपल्याला परका वाटू नये.

गीत अमेरिकेतले, तेथील कृष्णवर्णीयांचे. त्यांना आफ्रिकेतून धरून आणून पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून राबविले. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीत जन्मलेला, पुढे निसटलेला पुरुष. त्याने १८४५ साली आपले चरित्र लिहिले, त्यात तो सांगतो की गुलाम गातात म्हणून ते सुखी आहेत असे लोक समजतात. खरा प्रकार उलटा, दुःख अनावर झाले म्हणजे ते अधिक गातात. गाणाऱ्याकडे बाहेरून पाहणाराची अशी फसगत नेहमीच होते.

१८६५ साली गुलामी कायद्याने गेली. तरी दक्षिणेत बसायची जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, आणि मत द्यावयास गेले तर शंभर विघ्ने. आधार काय तो चर्चमधल्या भजनांचा. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असेच एक भजन रचले. आजच्या गीताची चाल निराळी, पण भाव तोच : संसाराच्या झगड्यात मी एक दिवस तरून जाईन. येथे ‘मी’ आहे, हे लक्षात ठेवा.

आता दुसरी पायरी. साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरी तंबाखूच्या कारखान्यात १९४५ च्या ऑक्टोबरात संप झाला. संपात कृष्णवर्णीय बायाच पुष्कळ. सुमारे पाच महिने, भर हिवाळ्यात, त्या फाटकावर उभ्या राहिल्या. दिवस संपला की ल्युसिल सिमन्स नावाची बाई हे भजन अगदी संथ, लांबवून म्हणे आणि बाकीच्या मागे धरीत. तेथे ‘मी’चे ‘आम्ही’ झाले. का झाले? देवापुढे माणूस एकटा उभा राहू शकतो, पण संप एकटीने होत नाही. एक बाई घरी बसली तर तिची नोकरी जाते. सगळ्या बसल्या तर यंत्र बंद पडते. व्याकरण गरजेने पालटले, कवीने नव्हे!

टेनेसी राज्यात हायलँडर नावाची कामगारांची शाळा होती. तेथल्या झिल्फिया हॉर्टन यांनी हे गीत संपकरी बायांकडून उचलले आणि पुढे पीट सीगर या गायकाला शिकविले. त्या शाळेत गोरे-काळे एका पंगतीला जेवत, आणि सरकारच्या डोळ्यांत तेच सलत होते. १९५९ च्या जुलैत रात्री पोलिसांनी धाड घातली, दिवे घालविले. अंधारात बसलेल्यांत माँटगोमेरीची एक शाळकरी मुलगी होती. तिने गाता गाता नवे कडवे जोडले : आम्हांला भय नाही. बाकीचे गीत ‘कधीतरी’चे, हे कडवे ‘आज’चे! मला विचाराल तर गीताचे खरे वळण हेच.

पुढच्याच वर्षी, १९६० च्या एप्रिलात, रॅले येथे जमलेल्या विद्यार्थ्यांना गाय कॅरावान यांनी ते शिकविले. हे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन शांतपणे ठिय्या देणारे. हात आडवे गुंफून, शेजाऱ्याचा हात धरून, डुलत म्हणावयाची रीत पडली. आणि हात असा गुंतला म्हणजे धोंडा उचलता येत नाही, हेही आहेच. तुरुंगांत, सभांत, रस्त्यावर ते पसरले.

१९६५ च्या ७ मार्चला सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी झोडपले. आठ दिवसांनी अध्यक्ष जॉन्सन, स्वतः दक्षिणेतले गोरे, काँग्रेसपुढे भाषणास उभे राहिले. हा प्रश्न केवळ काळ्यांचा नव्हे, सगळ्यांचा आहे असे म्हणाले, आणि त्याच गीताचे शब्द त्यांनी उच्चारले. ऑगस्टात मताधिकाराचा कायदा झाला. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. मराठीने मात्र भेद नेमका कळतो. फाटकावर जे ‘आम्ही’ होते, ते अध्यक्षांच्या तोंडी ‘आपण’ झाले.

मग कार्य सिद्धीस गेले ना, अशी शंका कोणी घेईल. नाही गेले. मॅल्कम एक्स हे १९६४ सालीच या गाण्यांची टर उडवीत होते. १९६६ साली त्याच विद्यार्थी संघटनेतल्या तरुणांनी कृष्णसत्तेची घोषणा दिली आणि संघटनेत गोरे नकोत असे ठरविले. पुष्कळांनी हे गीत बाजूला ठेवले. ‘आपण’ पुन्हा ‘आम्ही’ झाले. त्यांना कृतघ्न म्हणावयास माझी जीभ वळत नाही. मत मिळाले, पण मजुरी, घर आणि पोलिसांची काठी होती तशीच. राज्यकर्ता आपले गाणे म्हणू लागला की उपाशी माणसाला संशय यायचाच. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ च्या एप्रिलात मेम्फिसला मारले गेले, तेही सफाई कामगारांच्या संपासाठी गेले असता.

राहिली एक गोष्ट. बर्निस जॉन्सन रेगन ही जॉर्जियातल्या धर्मोपदेशकाची मुलगी. विद्यार्थिदशेत ऑल्बनीच्या चळवळीत तुरुंगात गेली, पुढे गायिका आणि इतिहासाची पंडिता झाली. २०२४ साली वारली. तिचे म्हणणे असे की आमच्या लोकांत समुदाय दाखवायचा तर प्रत्येकाने ‘मी’ म्हणायचे असते. ‘आम्ही’ म्हटले की त्यात कोण येणार आणि कोण नाही, हे कळत नाही.

हे सर्व त्या गुरुजींना सांगितले. आता प्रार्थना झाली की ते एक आवर्तन मुलांना ‘हम’च्या जागी ‘मैं’ घालून म्हणावयास लावतात. पहिल्या दिवशी साऱ्या वर्गातून चारच आवाज आले.