मोटारीचा ऑक्सिजन सेन्सर : आधी तपासणी, मगच बदल



या पानावर आपण नेहमी बेणे, खते व पाणी यांविषयी वाचता. या खेपेचा विषय निराळा आहे; तथापि तो आपल्या खिशाशी निगडित आहे आणि उसाशीही त्याचे नाते आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानक लागू झाले. तेव्हापासून पेट्रोल मोटारींप्रमाणे बहुतेक नव्या मोटारसायकलींतही ऑक्सिजन सेन्सर असतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, एव्हरेज घटले की ‘सेन्सर गेला’ असे सांगितले जाते आणि काही हजार रुपये खर्च होतात. पुष्कळदा दिवा आठवड्याने पुन्हा लागतो, कारण दोष दुसरीकडेच असतो.

सेन्सरचे काम

सायलेन्सरच्या नळीत बसवलेला हा भाग स्पार्क प्लगसारखा दिसतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तो सांगतो. प्राणवायू जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडले. अशा वेळी साध्या सेन्सरचे रीडिंग ०.१ व्होल्टच्या आसपास येते. पेट्रोल जास्त झाले तर ते ०.९ व्होल्टकडे जाते. त्यावरून गाडीतील संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच नीट काम करतो, म्हणून त्यात हीटर असतो. मोटारीत सहसा दोन सेन्सर असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर मिश्रणासाठी, नंतरचा कन्व्हर्टरवर देखरेखीसाठी.

ब्रिक्स कमी आला म्हणून आपण रिफ्रॅक्टोमीटर फेकून देत नाही. ऊस पक्व झालेला नाही असे समजतो. सेन्सरच्या बाबतीतही हाच न्याय लावावा.

तपासणीचा क्रम

१) स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा. पी ०१३५ हा पहिल्या व पी ०१४१ हा दुसऱ्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड आहे. येथे आधी फ्यूज पाहावा. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. हा कोड सेन्सर बाद झाल्याचा पुरावा नव्हे.

२) वायरी व कनेक्टर पाहावेत. गोठ्याशेजारी किंवा पाचटाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात.

३) गळती शोधावी. सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भेग असल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते व रीडिंग चुकते. इंजिनाचा व्हॅक्यूम पाईप फाटला किंवा प्लग मिस मारत असला, तरीही प्राणवायू जास्त दिसतो.

४) कनेक्टर सोडून मल्टिमीटरने हीटर मोजावा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी सहसा हीटरच्या असतात. गार असताना काही ओहम दाखवले पाहिजेत. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात पाहावा. सर्किट तुटलेले दिसल्यास हीटर जळाला.

५) इंजिन गरम करून स्कॅनरवर रीडिंग पाहावे. साध्या पुढच्या सेन्सरचे रीडिंग सतत वर-खाली झाले पाहिजे. एकदम रेस दिल्यावर वर व सोडल्यावर खाली गेले पाहिजे. मागच्या सेन्सरचे रीडिंग बरेचसे स्थिर असणे हेच बरोबर. काही नव्या गाड्यांत वाइडबँड सेन्सर असतो, त्याला हे व्होल्टचे आकडे लावू नयेत.

बाकी सर्व ठीक असून रीडिंग एका जागी अडकले किंवा फार सावकाश हलले, तरच सेन्सर बदलावा.

बदलताना

इंजिन बंद करून सायलेन्सर हाताला सोसेल इतका निवू द्यावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ थांबावे. वायरीसाठी खाच असलेला सॉकेट वापरावा. बऱ्याच मोटारींत तो २२ मिलिमीटरचा लागतो. नवा सेन्सर त्याच क्रमांकाचा असावा. तो आधी हाताने आट्यांत धरून मगच पुस्तकात दिलेल्या ताकदीने आवळावा. टोकाला ग्रीस, तेल किंवा सिलिकॉन लागू देऊ नये. वायर गरम नळीपासून दूर बांधावी. शेवटी कोड पुसून गाडी चालवून पाहावी.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी रेटू नये. प्लग मिस मारत असल्याची ती खूण असते. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो निकामी होतो. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

इथेनॉलविषयी

आपल्या उसापासून तयार होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो, म्हणून जळण्यासाठी त्याला हवा कमी लागते. हा फरक सेन्सर ओळखतो आणि संगणक त्या बेताने पेट्रोल वाढवतो. शिवाय लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे एव्हरेज थोडे घटणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून सेन्सर बाद ठरत नाही. या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या गाडीचे रबरी पाईप व सील मात्र वरचेवर तपासावेत.

तेव्हा सभासदांनी गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ‘सेन्सर केवढ्याला?’ असा न विचारता ‘कोड कोणता आला आणि वायर, गळती, हीटर पाहिले का?’ असा विचारावा. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवू नये असे आम्ही सांगत आलो; गाडीलाही तोच नियम लावावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी